एका सहीची गोष्ट

गेल्या श्रावणातील गोष्ट. सकाळची पूजा आटोपून आम्ही चहाची वाट पाहत बसलो असता स्वयंपाकघरात धप्पकन आवाज झाला. जाऊन पाहतो तो छताच्या गिलाव्याचा परातीएवढा तुकडा खाली पडलेला, आणि मातोश्रींचा नित्याचा पाट त्याखाली दडपून गेलेला! सुदैवाने त्या वेळी मातोश्री गच्चीत तुळशीस पाणी घालीत होत्या. वर पाहिले तेव्हा गंजून फुगलेल्या सळया उघड्या पडलेल्या दिसल्या. त्या दिवशी घरात कोणी फारसे बोलले नाही.

आमचे बिऱ्हाड बदलापुरास, कुळगावच्या बाजूस. तीर्थरूपांनी पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वी गिरगावातील दोन खोल्या सोडून मोकळ्या हवेसाठी येथे जागा घेतली. तीन मजल्यांची इमारत, सोळा बिऱ्हाडे. तिचा पुनर्विकास करावा हा विषय जिन्याखालील फळ्यावर चार वर्षे झळकत होता. परंतु सभेस पाच-सहा मंडळींपलीकडे कोणी येत नसे. ‘लोकांस आस्था म्हणून नाही,’ असा निकाल आम्ही देऊन टाकला होता. खरे सांगावयाचे तर त्या पाच-सहा मंडळींत आम्हीही क्वचितच असू. वडील बंधू जातात, तेवढे पुरे, अशी आमची समजूत.

पाट फुटल्यावर आम्हांस प्रथम वाटले की, आता भीतीच लोकांस एकत्र आणील. पण हा तर्क टिकण्यासारखा नव्हता. आमच्यापासून दोन स्टेशनांवर असलेल्या उल्हासनगरात २०२१ च्या मे महिन्यात पंधरवड्याच्या अंतराने दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि दहांहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या बातम्या आमच्या इमारतीत प्रत्येक घरी वाचल्या गेल्या. पुढील सभेस मात्र नेहमीचीच मंडळी हजर! भीतीने माणूस देवाचे नाव घेतो, फार तर रात्री बाहेरच्या खोलीत निजतो. पण शेजाऱ्याबरोबर बसून विचार करण्यास ती पुरत नाही.

याच उल्हासनगराचा आरंभ आठवला म्हणजे दुसरी बाजू दिसते. महायुद्धाच्या काळातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली. बराकीत आडवे पडदे बांधून ज्यांनी संसार मांडले, त्यांनीच पुढे दुकाने आणि लहानमोठे कारखाने उभारून गाव नावारूपास आणले. त्यांना सभेचे आमंत्रण कोणी दिले होते? परत जावयास ठिकाण नव्हते, आणि १९५४ च्या पुनर्वसन कायद्यानंतर राहती जागा आपल्या नावावर होण्याची आशा होती. ‘हे आपले आहे आणि आपलेच राहील,’ एवढा भरवसा मिळाला की मनुष्य विटा वाहण्यास तयार होतो. तो भरवसा जेथे कागदावर उतरला नाही, तेथे काय झाले तेही त्याच गावाने पाहिले. परवानगीवाचून मजल्यांवर मजले चढले, न्यायालयाचे हुकूम निघाले, आणि ती बांधकामे नियमित करण्यासाठी २००६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला.

अंबरनाथचे उदाहरण निराळे. शके ९८२ मध्ये बांधलेल्या तेथील शिवालयापुढे आम्ही वर्षातून एकदा तरी मस्तक ठेवतो. महाशिवरात्रीस रांगेत तासन् तास उभे राहणारे सहस्रावधी लोक त्या देवळास आपले म्हणतात. पण त्याच्या कडेने वाहणारी वालधुनी कारखान्यांच्या आणि वस्तीच्या सांडपाण्याने काळी पडली, तेव्हा तिला आपली म्हणणारे थोडेच निघाले. देवळात प्रत्येकाचा नमस्कार ज्याचा त्याचा असतो. नदी मात्र सर्वांची, म्हणजे कोणाचीच नव्हे! आमच्या इमारतीचा जिना, गच्ची आणि मागील गटार यांचीही हीच गत होती.

ही कोंडी फुटली ती आमच्या धाकट्या वहिनींमुळे. त्या म्हणाल्या, “नवी इमारत राहू द्या. आधी मागचे गटार तर साफ करू.” आम्हांस हसू आले, पण पुढच्या रविवारी वहिनी, दोन पुतणे आणि शेजारची तीन माणसे फावडी घेऊन उतरली, तेव्हा लाजेकाजेस्तव आम्हीही धोतर खोचले. दुसऱ्या रविवारी बारा माणसे आली. खर्च चार हजार तीनशे रुपये झाला. वहिनींनी पैन् पैचा हिशोब जिन्याखालील फळ्यावर खडूने लिहिला आणि उरलेले एकशेसाठ रुपये कोणाकडे आहेत तेही लिहिले. ज्या फळ्याकडे चार वर्षे कोणी ढुंकून पाहिले नव्हते, त्यापुढे लोक चष्मा पुसून उभे राहू लागले. काम लहान होते, पण ते पुरे झालेले दिसले. आणि पैसा कोठे गेला हे कोणास विचारावे लागले नाही.

तरीही तळमजल्यावरील एका काकूंची सही होईना. यजमान जाऊन बरीच वर्षे लोटलेली, मुलगा परगावी. ‘आडमुठ्या’ हा शब्द त्यांच्यासाठी आमच्या घरातही वापरला गेला होता. एके दिवशी वहिनी म्हणाल्या, “कागद घरीच ठेवा आणि नुसते माझ्याबरोबर चला.” आम्ही गेलो. काकूंनी पाणी पुढे ठेवले आणि शांतपणे म्हणाल्या, “भाऊ, बारा वर्षांत आज प्रथमच तुम्ही उंबऱ्याच्या आत आलात. आजवर येत होती ती नोटीस.”

आमची मान खाली गेली. मग काकू बोलत्या झाल्या. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या बहिणीने एका गृहस्थाच्या शब्दावर अशीच सही केली होती. काही महिने भाडे मिळाले, मग बंद झाले. इमारत जोत्यावरच राहिली, आणि बहीण अजून परक्या खोलीत दिवस काढीत आहे. शिवाय काकूंची जागा अद्याप यजमानांच्याच नावावर. “सही करून बाहेर पडले आणि परत येताना कोणी विचारले, तुम्ही कोण, तर मी काय दाखवू?” या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. चार वर्षांत तो प्रश्न त्यांना कोणी विचारूच दिला नव्हता.

आमच्या गावी या गोष्टीचा धडा फार पूर्वी घालून दिलेला आहे. ना. गो. चापेकर यांनी १९३३ साली ‘बदलापूर’ हा ग्रंथ लिहिला, तो गावातील माणसांचे राहणे, धंदे आणि चालीरीती बारकाईने पाहून. आम्ही त्या ग्रंथाचा अभिमान बाळगतो; पण एकाच जिन्याच्या सोळा बिऱ्हाडांत कोणास कशाची धास्ती आहे, हे आम्हांस ठाऊक नव्हते.

पुढे पुतण्याने काकूंबरोबर तीन खेपा घालून वारसाचे कागद करविले. काकूंच्या शंकांवरून सभेत अटी ठरल्या: घरभाड्याची रक्कम आगाऊ मिळावी, प्रत्येक सभासदाशी स्वतंत्र करार नोंदला जावा, विकासकाने बँकेची हमी द्यावी. यांतील बँक हमीची तरतूद तर शासनाच्या निर्देशांतच आहे. आम्ही ते कधी वाचले नव्हते एवढेच. ज्यांस आम्ही अडथळा समजत होतो, त्यांच्याच भीतीने पंधरा घरांचे हित राखले. २००९ च्या निर्देशांत पुनर्विकासास तीन चतुर्थांश संमतीची अट होती; २०१९ च्या निर्णयाने ती ५१ टक्क्यांवर आली. कायद्याने आकडा खाली आणला, हे योग्यच झाले. परंतु त्या आकड्याच्या बळावर आम्ही काकूंना वगळून पुढे गेलो असतो, तर त्या अटी आम्हांस सुचल्या नसत्या, आणि त्यांच्या बहिणीची गत कदाचित आमचीही झाली असती.

इमारत अद्याप उभी आहे. स्वयंपाकघरात लोखंडी टेकू लावले आहेत, मातोश्रींचा नवा पाट माजघरात हलविला आहे, कराराचा मसुदा वकिलांकडे आहे. गेल्या सभेस सोळांपैकी चौदा घरची माणसे आली. काकू पहिल्या ओळीत बसल्या होत्या आणि प्रश्नही त्यांनीच अधिक विचारले. सही त्यांनी अजून केलेली नाही. करार वाचून करीन म्हणतात, आणि आता आम्हीही तसेच म्हणतो.

वाचकांपैकी कित्येकांच्या इमारतींत असा एखादा कागद सह्यांवाचून अडला असेल. ज्यांची सही नसेल त्यांच्या घरी एकदा जाऊन यावे, एवढीच आमची विनंती. आणि पहिल्या खेपेस कागद घरी ठेवावा.