हृदयाचें घड्याळ

ब्राह्ममुहूर्तीं उठण्याचें व्रत आम्हीं वडिलांपासून घेतलें. मध्यरात्रीपर्यंत दिव्याशीं वाचीत बसण्याची खोड मात्र आमची स्वतःची. गेल्या पावसाळ्यांत डॉक्टरांनीं चोवीस तास रक्तदाब मोजणारें यंत्र आमच्या दंडास बांधलें. निरोगी मनुष्याचा रक्तदाब झोपेंत सुमारें १० ते २० टक्के उतरतो. आमचा उतरतच नव्हता! ‘जागरण हेंही एक कारण असूं शकेल,’ डॉक्टर म्हणाले.

पहाटे रक्तदाब पुन्हा चढूं लागतो, उठतांच नाडी जलद होते, रक्तांतील बिंबिका अधिक चिकट होतात. म्हणून हृदयविकाराचे झटके सकाळीं सहा ते दुपारीं बारापर्यंत अधिक येतात. हें चालविणारें मुख्य घड्याळ मेंदूंत आहे आणि त्याचे कांटे रोज जुळवितो तो सूर्यप्रकाश. या घड्याळाचीं चाकें जनुकांत शोधणाऱ्या तिघां शास्त्रज्ञांस २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

हें ऐकतांना आठवलें, वडील गेले तेही पहाटेंच. तेही रात्रीं उशिरांपर्यंत लिहीत बसत.

आतां आम्ही दिवा दहाला मालवितों. जाग आली कीं क्षणभर अंथरुणावरच बसतों. व्रत सुटलें नाहीं. घाई तेवढी सुटली.