आपला व्यवसाय?

‘मी कोण?’ हा प्रश्न आपल्या ऋषींनी विचारला, तेव्हा उत्तर शोधायला अरण्ये मोकळी होती आणि मुदतीचे बंधन नव्हते. आयकर खाते तोच प्रश्न दरसाल विचारते, आणि उत्तरासाठी एक लहानसा चौकोन देते.

मी नागपुरातल्या एका शाळेत मास्तर आहे आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. माझ्या मास्तरकीविषयी सरकारला कधी शंका आली नाही. महाराष्ट्राच्या १९७५ सालच्या कायद्याप्रमाणे पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो आणि फेब्रुवारीत, बहुधा तो बिचारा सगळ्यांत लहान म्हणून, ३००. वर्षाचे २५०० भरले की मी मास्तर आहे हे सिद्ध! लेखनाचे तसे नाही. शेजाऱ्यांच्या मते तो छंद, नातेवाइकांच्या मते नाद, आणि आमच्या सौ.च्या मते विजेचे बिल वाढण्याचे कारण. तो माझा व्यवसाय आहे काय, असे गंभीरपणे विचारणारे या जगात एकच भेटले. ते म्हणजे आयकराचे विवरणपत्र.

या खात्याला नागपूरकरांनी परके मानू नये. आयकर अधिकाऱ्यांना शिकवणारे महाविद्यालय १९५७ साली इथेच निघाले. आज ते छिंदवाडा रोडवर राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी म्हणून उभे आहे. कुठल्या दूरच्या गावी नोटीस काढणारा साहेबही एकेकाळी आमचे मे महिन्याचे ऊन सोसून गेलेला असतो. कादंबरीचे आणि कराचे नाते तर त्याहून जुने. मराठीतली पहिली मानली जाणारी कादंबरी, बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, १८५७ सालची. त्याच सालच्या उठावाने इंग्रजांची तिजोरी खाली केली, म्हणून जेम्स विल्सन या अर्थमंत्र्याने १८६० मध्ये इथे आयकर आणला आणि त्याच वर्षी कलकत्त्यात तो वारला. कादंबरी ही वडील बहीण, कर हा धाकटा भाऊ. भावाने मात्र चांगलेच अंग धरले.

माझा एक जुना विद्यार्थी धंतोलीत सी. ए. आहे. एकदा कागद पुढे ओढून तो म्हणाला,

“सर, पुस्तकांचे पैसे ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवू की ‘व्यवसाय’?”

“फरक काय पडतो रे?”

“इतर म्हटलं तर ‘सहज’ नावाचा फॉर्म. व्यवसाय म्हटलं तर तीन नंबरचा. त्याला नाव नाही सर, नुसतीच पानं आहेत.”

वाचकहो, फरक बराच पडतो. लेखन हा व्यवसाय म्हटला, की कागद, टंकलेखन, टपाल, संदर्भासाठी घेतलेली पुस्तके, कथानकासाठी केलेला प्रवास, हे सारे त्या उत्पन्नातून वजा करता येते. मात्र पावत्या हव्यात. आमच्याकडे आता एक बिस्किटांचा डबा पावत्यांनीच भरलेला असतो. शिवाय कापलेला कर वजा जाऊन १०,००० रुपये वा अधिक देणे निघत असेल, तर वर्षअखेरीची वाट न पाहता जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखांना ते हप्त्यांनी भरावे लागते. शिकवण्या घेणाऱ्यांनी, शिवणकाम करणाऱ्यांनी, सर्वच स्वतंत्र धंदेवाल्यांनी या चार तारखा देवघरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात. न भरल्यास व्याज लागते.

पण मला खरे गुंतवले ते एका मृत कलमाने. १९६१ सालच्या कायद्यात १८० क्रमांकाचे एक कलम होते. पुस्तक लिहायला बारा महिन्यांहून जास्त काळ लागला असेल, तर त्याचे पैसे एकाच वर्षाच्या माथी न मारता मागल्या वर्षांतही वाटून दाखवण्याची मुभा त्यात होती. हे वाचले त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. माझ्या दुसऱ्या कादंबरीला सात वर्षे लागली. त्या सात वर्षांत “अजून चालूच आहे का?” असे न विचारणारा मनुष्य मला भेटला नाही, आणि इथे दिल्लीतला कोणी अनाम मसुदेकार निमूटपणे लिहून गेला होता, की पुस्तकाला वेळ लागतो! विसावे शतक संपता संपता ते कलम निकामी झाले.

त्यानंतर, २००३ सालच्या वित्त कायद्याने, दुसरे कलम आले, ८० क्यूक्यूबी. साहित्य, कला वा विज्ञान या विषयांवरील पुस्तकाच्या रॉयल्टीवर वर्षाला तीन लाखांपर्यंत वजावट. शालेय पाठ्यपुस्तके, मार्गदर्शिका, नियतकालिके यांना ती नाही. सारे हक्क एकरकमी विकले नसतील, तर विक्रीच्या किमतीच्या १५ टक्क्यांपलीकडची रॉयल्टी त्यात धरत नाहीत. लेखकाला कोणी १५ टक्क्यांहून जास्त देईल, ही भीती ज्याला वाटली तो आमच्या प्रकाशकांना भेटलेला नसावा. वजावटीसाठी पैसे देणाराचा दाखला लागतो. एका प्रकाशकाकडून तो मिळवायला मला चौदा पत्रे धाडावी लागली. त्या पत्रांचा टपालखर्चही मी डब्यात घातला.

आता हे सारे मागे टाकायची वेळ आली. १९६१ चा कायदा गेला. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आला. लेखकाची वजावट त्यातही आहे, पण जुन्या करपद्धतीपुरतीच. नव्या पद्धतीत ती नाही. उलट, २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला कर नाही, पगारदाराला वर ७५,००० ची प्रमाणित वजावट. माझा पगार आणि पुस्तके मिळून त्या रेषेच्या पुष्कळ अलीकडे राहतात.

“मग नवी घ्या आणि मोकळे व्हा, सर.”

नुसत्या पगारदाराला दरवर्षी या घरून त्या घरी जाता येते. व्यवसायाचे उत्पन्न दाखवणाऱ्याने एकदा जुनी पद्धत घेतली, की नव्यात परतायची संधी एकच. परतल्यावर व्यवसाय चालू आहे तोवर जुनीकडे पुन्हा जाता येत नाही. मी ती जुनी पद्धत घेतलेली होती. म्हणजे पुस्तकाचे नाव घेऊन बोलणारे ते एकमेव कलम मला कायमचे सोडायचे होते.

“‘इतर उत्पन्न’ लिहिलं तर दार उघडं राहतं का रे?”

“राहतं. पण मग तुम्ही लेखक नाही, सर. कागदावर तरी.”

सौ. चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, “अहो, पैसे वाचतात ना? मग विचार कसला करता?”

हिशेब त्यांच्या बाजूचा होता, म्हणून पद्धत नवी घेतली. चौकोनात मात्र लेखन हाच व्यवसाय लिहिला आणि तीन नंबरची सारी पाने भरली.

या अंकाचे मानधन पुस्तकाच्या व्याख्येत कधीच बसले नसते. दिवाळी अंक शेवटी नियतकालिकच. संपादकांनी पॅन क्रमांक मागवला होता, तो लेखासोबत पाठवला आहे.