मुळेच्या पाण्यावर पुसेगाव

सेनगाव तालुक्यातल्या आमच्या पुसेगावात पाणी म्हणजे विहीर, मोटार आणि रात्रीची लाइट. नाव वल्हवणं हा शर्यतीचा खेळ आहे, हे मला पुण्याला सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजात आल्यावर कळलं. तिथला बोट क्लब १९२८ पासूनचा. दरवर्षी मुळा नदीवर रेगाटा, म्हणजे बोटींच्या शर्यती होतात, सगळं कॉलेज काठावर येऊन ओरडत असतं. पुण्यातला रॉयल कॅनॉट बोट क्लब तर १८६८ चा. साहेबलोकांच्या हौसेचा हा खेळ मराठी पोरांनी कधीच आपला करून टाकला होता, फक्त त्याची बातमी आमच्याकडे पोचली नव्हती.

वडील फोनवर म्हणाले, "शिकायला गेलास का नाव हाकायला?" मी बोटीत बसायचं सोडलं नाही.

बघणाऱ्याला हा दंडाचा खेळ वाटतो. खरा जोर पायांचा. सीट रुळांवर पुढेमागे सरकते, पाय फळीला बांधलेले असतात आणि पाठ जायच्या दिशेला. गुडघे दुमडून पुढे यायचं, वल्ह्याचं पातं पाण्यात टाकायचं, फळी पायांनी रेटायची, मग पाठ, सगळ्यात शेवटी हात. पातं बाहेर आलं की आडवं करून सावकाश पुढे सरकायचं. हे सावकाश सरकणंच अवघड. दमलेला माणूस घाईने पुढे येतो आणि मिळवलेला वेग तिथेच मरतो. ज्या सकाळी चौघांची पाती एकदम पाण्यात पडायची आणि दोन स्ट्रोकच्या मध्ये बोटीच्या तळाखालून बुडबुड्यांची बारीक सळसळ ऐकू यायची, त्या सकाळी जलपर्णी, नदीचा वास, तळहाताचे फोड, कशाचीच आठवण राहायची नाही. त्या आवाजासाठी मी पहाटे उठत होतो.

पण मला या खेळाची खरी उंची दाखवली ती दत्तू भोकनळ यांनी. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही त्यांचं गाव, तोही दुष्काळी पट्टा. घरची परिस्थिती मजुरीची. २०१२ मध्ये ते सैन्यात गेले, खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये. तिथे रोइंग हाती आलं आणि चारच वर्षांत, २०१६ ला, रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावे. आई त्या वेळी अत्यवस्थ होती. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये एकेरीच्या अंतिम शर्यतीत तब्येतीने दगा दिला, ते शेवटी आले. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, सवर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत तेच भोकनळ चौघांच्या बोटीत बसले आणि सुवर्ण घेऊन आले. आदल्या दिवशी कोसळलेल्या माणसाला तिघांनी आपल्यात धरून ठेवलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. हा खेळ क्रूचा आहे तो असा.

या यशामागे सैन्याची शिस्त आहे, दापोडीच्या आर्मी रोइंग नोडमधली मेहनत आहे. पण लांब हातापायांची, कष्टाला न हटणारी पोरं येतात ती आपल्यासारख्या गावांतूनच. भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर पळणारी पोरं आमच्या तालुक्यात रोज दिसतात. त्यांच्यापैकी कुणालाही वल्हं ठाऊक नाही. आणि पाणी नाही म्हणावं, तर जवळच पूर्णेवर येलदरीचा जलाशय आहे, त्याच्या खाली आमच्याच जिल्ह्यात सिद्धेश्वर धरण. शर्यतीला लागतं दोन हजार मीटर संथ, सरळ पाणी. धरण आटलं त्या वर्षी सराव रोइंग मशीनवर करता येतो.

जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी आणि क्रीडा खात्याने एकत्र येऊन सिद्धेश्वरला दोन जुन्या बोटी, लाइफ जॅकेट आणि एक रेस्क्यू बोट एवढी तरी सोय करावी. धरणात मासेमारी करणाऱ्या लोकांना सोबत घ्यावं, त्या पाण्याची माहिती त्यांच्याइतकी कुणालाच नाही. शिकवायला मी येतो, पैसे न घेता.