सायकलीवरून वेरूळ

उस्मानपुऱ्याहून वेरूळ सुमारें 30 किलोमीटर. मोटारीनें हें अंतर तासाभरांत तुटतें. परंतु मग देवगिरी हें केवळ खिडकींतलें चित्र राहतें. म्हणून आम्हीं गिअरच्या डोंगरी सायकली घेतल्या व एक माहितगार वाटाड्या पुढें ठेविला.

दौलताबादेस तासलेल्या कड्याखालीं त्यानें आम्हांस थांबविलें. 1327 मध्यें महंमद तुघलखानें राजधानी येथें आणली व अनेक दिल्लीकरांस येथवर येणें भाग पाडलें. पुढें खुलताबादच्या घाटांत मांड्या भरून आल्या, ऊर फुलला, तेव्हां ती शाळेंतील एका ओळीची हकीकत पायांस कळली. आम्हांस वाटेल तेथें उतरण्याची मोकळीक होती. त्या लोकांस ती नव्हती.

माथ्यावर खडकी वसविणाऱ्या मलिक अंबरची कबर आहे. त्याच नगरास आपलें नांव देणारा औरंगजेबहि याच गांवीं पुरलेला आहे. नगराचें नांव आज पुन्हां बदललें असून तें छत्रपति संभाजीनगर झालें आहे.

उतार संपतांच वेरूळचें कैलास लेणें येतें: एकाच खडकांत, कळसापासून पायथ्याकडे कोरलेलें! हिंवाळ्यांत पहाटे निघावें. वडील मंडळींनीं मुलांबरोबर मुलींसहि या वाटेनें अवश्य धाडावें.