वडिलांचे घोंगडे

आमच्या घरच्या वाकळीच्या पोटात वडिलांचे घोंगडे होते. पावसाळ्यात शेतावर ते डोक्यावरून घेऊन घेऊन विरले, चिंचोक्याची खळ धुऊन गेली, तेव्हा आईने ते दोन जुन्या लुगड्यांच्या मध्ये घालून धावदोऱ्याने शिवून टाकले. वाकळ भारी जड. दमट हवेत तिला मेंढरांचा वास येई.

सेमिनरीस निघताना आईने ती माझ्या ट्रंकेवर आणून ठेवली. मी ती नेली नाही. इतर मुलांपाशी विकतची ब्लँकेटे असतील, याची मला लाज वाटली. "तेथे थंडी नसते," असे मी आईस सांगितले. धर्मगुरू होण्यास निघालेल्या मुलाचे पहिले पाऊल असे असत्यावर पडले!

पुढे एका सणानिमित्त हल्याळकडील सिद्दी वस्तीवर जाण्याचा योग आला. या लोकांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. पुष्कळजण गोव्यातून पळून या रानांत येऊन राहिले. एका ओसरीवर एक म्हातारी कवंदी शिवीत बसली होती. एका कोपऱ्यापासून आरंभ करून कडेकडेने टाके घालीत ती मध्याकडे सरकत होती. मधोमध तांबड्या चिंध्यांचा क्रूस होता. चारी कोपऱ्यांना घड्या घातलेली लहान त्रिकोणी 'फुलं' तेवढी लावावयाची राहिली होती. "तोवर ती नागडीच, फादर," ती म्हणाली. हा तुकडा लेकाच्या सदऱ्याचा, हा वारलेल्या बहिणीच्या लुगड्याचा, असे तिने मला बोटाने दाखविले.

कोरे कापड का वापरीत नाही, असे मी विचारले. ती हसली. "कोरं आटतं आणि जुन्याला ओढून फाडतं." नव्या ठिगळाविषयीच्या प्रभूच्या वचनावर मी कितीतरी प्रवचने केली होती, पण कापड धुतल्यावर आटते, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानीच आली नव्हती.

त्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा आईपाशी लाजेची गोष्ट कबूल केली. ती तांदूळ निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. थंडी नव्हती, तर पहिल्याच पत्रात सर्दी झाल्याचं कशाला लिहिलंस?"

वाकळ अजून आहे. वरची लुगडी दोनदा बदलली. घोंगडे तेच आहे. हल्ली धाकट्या भावाची मुले तिच्यावरून भांडतात.