थेंबे थेंबे डिझेल साचे!

शुक्रवारी रात्री देहूरोडला लोकलमधून उतरले, चालत घरी आले, गेट उघडलं आणि ‘कशी आहेस’ वगैरे व्हायच्या आधी माझ्या तोंडून निघालं, ‘‘पप्पा, डिझेलचा वास येतोय!’’

पप्पा ओट्यावर बसून मोबाइलवर बातम्या बघत होते. मान वर न करता म्हणाले, ‘‘कुठाय वास? तुझ्या पुण्याचं ट्रॅफिक नाकात बसलंय.’’

झालं. विषय संपला. आमच्याकडे गाडीच्या बाबतीत पप्पांचा शब्द म्हणजे सुप्रीम कोर्ट.

गाडी म्हणजे आमची पिकअप. टाटा २०७, २००४ची. ती घरी आली तेव्हा मी दुसरीत होते. तिच्या हौद्यात बसून आम्ही सगळी भावंडं महाशिवरात्रीला घोरावडेश्वरच्या यात्रेला जायचो. गणपती तिच्यातूनच यायचा आणि तिच्यातूनच जायचा. बाकी वर्षभर ती पप्पांसारखीच कामाला. कामशेत, पवनानगरकडून इंद्रायणी तांदूळ उचलायचा आणि पिंपरी-चिंचवडच्या दुकानांत पोचवायचा. नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे नव्या भाताचा सीझन, गाडीला श्वास घ्यायला फुरसत नाही. त्यात येत्या मंगळवारी पासिंग. मालवाहू गाडी आठ वर्षांवर गेली की दरवर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं, आणि ठिबकणारी गाडी घेऊन तिथे उभं राहायचं म्हणजे सर्दी झालेली असताना मेडिकलला जाण्यासारखं!

शनिवारी सकाळी गाडीखाली वाकून बघितलं. शहाबादी फरशीवर ताटाएवढा ओला डाग.

‘‘ऑइल असेल. जुनी गाडी आहे,’’ पप्पा म्हणाले. मग त्यांनी बोट बुडवलं, सवयीने नाकाजवळ नेलं आणि तसेच थांबले. एक-दोन सेकंदच. बोट पँटला पुसून टाकलं. ‘‘ऑइलच.’’

मी पण बोट बुडवलं. पातळ, नितळ, आणि वास असा की डोळे मिटूनही पंपावर उभं असल्यासारखं वाटावं. इंजिन ऑइल काळं आणि दाट असतं, ते बोटांना चिकटतं. हे डिझेल होतं, शंभर टक्के. ज्या माणसाने मला सातवीत असताना ऑइल आणि डिझेलमधला फरक शिकवला, तो असं कसं म्हणतो?

नेहमीचे मेकॅनिक चाचा गावाला गेलेले. हायवेच्या एका गॅरेजवाल्याला फोन केला, तर त्याने गाडी न बघताच निकाल दिला, ‘‘पंप उतरवायला लागेल मॅडम.’’ डिझेल पंप उतरवायचा म्हणजे हजारोंची बात, शिवाय चार दिवस गाडी बंद. म्हटलं, बॉस, आधी आपण बघू. अर्थात मला येतं काय? पाना पकडता येतो आणि इंटरनेट आहे. आत्मविश्वास मात्र फुल्ल!

पहिला प्रयोग सपशेल फेल. बॉनेट उघडलं तर डिझेल फिल्टर ओला दिसला. सापडला चोर! फिल्टरवरचा बँजो बोल्ट मी जिवाच्या आकांताने आवळला. नशीब आटे गेले नाहीत. अर्ध्या तासाने बघते तर फिल्टर पुन्हा ओला. पप्पा खुर्चीत बसून चहा पीत बघत होते. म्हणाले, ‘‘छतावर गळलं की पाणी भिंतीवरून खाली येतं. तू भिंतीला सिमेंट लावतेयस.’’

हे वाक्य मला आधी सांगितलं असतं तर?

मग डोकं शांत ठेवून पहिल्यापासून सुरुवात केली. शनिवारी रात्री गाडीखाली चार जुने पेपर पसरले आणि झोपले. सकाळी पेपर कोरडे! म्हणजे उभ्या गाडीतून काही गळत नाही. गाडी चालू केली आणि पाच मिनिटांत पेपरवर टप... टप... सुरू. ही फार कामाची माहिती होती. जुन्या डिझेल गाडीत टाकीतून डिझेल ओढलं जातं, ते फिल्टरमधून पंपात जातं, पंप ते जोरात नोझलकडे ढकलतो आणि नोझलमधून उरलेलं डिझेल रिटर्न पाइपने परत टाकीत येतं. ओढणाऱ्या बाजूला भोक असेल तर चालू गाडीत बहुतेक वेळा डिझेल बाहेर पडत नाही, उलट हवा आत जाते. मेकॅनिक लोक म्हणतात ना, ‘गाडीने एअर घेतलीय’, ते हेच. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते पण गाडी काही सुरू होत नाही. आमची गाडी तर पहिल्या सेल्फला उठत होती. म्हणजे ओढणारी बाजू ठीक. चोर पंपाच्या पुढे होता.

गळतंय किती, तेही बघितलं. पाण्याची बाटली कापून खाली लावली. सेकंदाला साधारण एक थेंब. अर्ध्या तासात एक कटिंग चहा भरेल एवढं डिझेल! कामशेतला जाऊन-येऊन रोज दोन-तीन कटिंग रस्त्यावर. पैसे गेले ते गेलेच, पण मागून येणारा बाइकवाला त्यावरून घसरला तर? डिझेल पेट्रोलसारखं चटकन पेटत नाही हे खरं, पण तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर ठिबकत राहिलं तर त्याचाही भरवसा नाही.

आता इंजिन धुतलं. ब्रश, फडकं, एक अख्खी सकाळ. सगळं कोरडं केलं आणि आईच्या कपाटातली टाल्कम पावडर आणून नोझल, पाइप, फिल्टर, सगळ्यावर फुस्स फुस्स करून मारली. इंजिन असं दिसायला लागलं की जणू आंघोळ घालून काजळ-तीट लावायला काढलेलं बाळ. आई किचनच्या खिडकीतून ओरडली, ‘‘अगं, नवीन डबा आहे तो!’’

एक गोष्ट महत्त्वाची. पंपापासून नोझलपर्यंतच्या लोखंडी नळ्यांत डिझेलचं प्रेशर भयंकर असतं. तिथे केसाएवढी चीर असली तर निघणारी फवारणी दिसतही नाही, पण कातडीतून आत घुसते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, तरी तडक हॉस्पिटल गाठावं लागतं. त्यामुळे चालू इंजिनवर हात फिरवून गळती शोधायची नाही. पुठ्ठा धरायचा. पप्पांनी माझा हात मागे खेचून पुठ्ठा हातात दिला, तेव्हा पहिल्यांदाच ते खुर्चीतून उठले होते.

गाडी चालू केली. आम्ही दोघं बॉनेटमध्ये डोकं घालून. पुठ्ठा कोरडा. आणि तिसऱ्या नोझलखाली पांढऱ्या पावडरवर एक करडी रेघ उमटली. ती हळूहळू खाली सरकली, ब्रॅकेटवर गेली, फिल्टरवर उतरली आणि टप्प! वर बघितलं तर रिटर्नचा छोटासा पाइप, करंगळीएवढा तुकडा. बाकीचे सगळे सुती वेणीचे रबरी, हा एकटाच साधा पारदर्शक प्लास्टिकचा. पिवळा पडून कडक झालेला आणि टोकाला चिरलेला.

‘‘हा कुणी लावला?’’

‘‘मीच. मे महिन्यात. तात्पुरता.’’

आमच्या घरात ‘तात्पुरता’ या शब्दाचा अर्थ ‘कायमचा’ असा आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

‘‘पण पप्पा, एवढे दिवस वास नाही आला तुम्हाला?’’

ते काहीच बोलले नाहीत. उत्तर आईने दिलं, खिडकीतूनच. ‘‘त्यांना कुठला वास येतोय! कोविड झाल्यापासून येत नाही.’’

२०२१च्या एप्रिलमध्ये पप्पांना कोविड झाला होता. वास गेला होता हे माहीत होतं. दोन महिन्यांनी ‘आला परत’ असं त्यांनीच फोनवर सांगितलं होतं. मी पण किती बिझी, विश्वास ठेवून मोकळी झाले.

मला आधी डिझेल आठवलंच नाही. आठवला तांदूळ. पप्पा माल घ्यायला जातात तेव्हा मूठभर इंद्रायणी तळहातावर चोळतात, नाकाशी नेतात, डोळे मिटतात. समोरचा शेतकरी गप्प होऊन वाट बघतो. एवढी वर्षं ती अ‍ॅक्टिंग होती?

‘‘दाण्यावरून कळतं,’’ पप्पा पाना पुसत म्हणाले. ‘‘दाताखाली धरलं की कळतं. आणि तिथल्या बायका काय म्हणतात ते ऐकायचं. पण नाकाला नाही लावला तर लोक म्हणणार, ह्याला काय कळतं.’’

यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. मी जुना पाइप पिशवीत टाकला आणि स्कूटरवरून निगडीला गेले. दुकानदाराने विचारलं तेच, ‘‘जुना तुकडा आणलाय का?’’ तर मंडळी, तुकडा न्याच, मापात गडबड होत नाही. आणि पाइप डिझेलचाच मागा. साधा रबरी पाइप डिझेलने फुगतो आणि मऊ पडतो. मीटरभर पाइप, नव्या क्लिपा आणि बँजो बोल्टचे तांब्याचे वायसर घेतले. वायसर एकदा दाबले गेले की पुन्हा नीट बसतीलच असं नाही, आणि मी तर त्याच्यावर पैलवानकी केली होती! सगळ्याचं मिळून बिल दोघांच्या पिझ्झ्यापेक्षा कमी.

एक तुकडा बदलायचा तर चारही बदलले. पप्पा सांगत होते, मी करत होते. मग एअर काढली. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा आणि हँड पंप मारत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग डिझेलची सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. पप्पा म्हणाले, ‘‘मार सेल्फ.’’ पहिल्यांदा नुसतीच खोकली. दुसऱ्यांदा उठली. एक तास चालू ठेवली. पेपर कोरडा.

‘‘वास?’’ पप्पांनी विचारलं.

मी खाली वाकून जोरात श्वास घेतला. ‘‘पावडरचा येतोय फक्त.’’

मंगळवारी गाडी पास झाली. डॉक्टरांकडे जायला मात्र पप्पा अजून तयार नाहीत, आईचं आणि माझं प्रेशर चालू आहे. पण एक झालंय. रोज रात्री ते गाडीखाली कालचा पेपर टाकतात आणि सकाळी सातला त्याचा फोटो मला पाठवतात. मी अर्धवट झोपेत झूम करून बघते आणि अंगठा टाकते.

गेल्या गुरुवारी फोटोत चांगला रुपयाएवढा डाग होता. ताडकन उठून फोन लावला.

‘‘चहा सांडलाय गं,’’ पप्पा म्हणाले. ‘‘चाखून बघितला.’’