नाव आपलं, तोंड दुसऱ्याचं

माझी एक कविता आहे. तिच्यात तिसरी पाळी सुटते, मी घरी येतो आणि आई चुलीपाशी बसल्या जागी झोपलेली असते. भाकरी गार झालेली. तिला उठवावं की न उठवावं, एवढाच त्या कवितेतला प्रश्न आहे. कोल्हापुरातल्या एका कविसंमेलनात ती वाचली. सूत्रसंचालकानं माझी ओळख करून दिली ती अशी, "आता येत आहे दलितांच्या वेदनेचा धगधगता ज्वालामुखी." त्यानं कविता बघितलेलीही नव्हती. वाचून खाली आलो तर पहिल्या रांगेतले एक निवृत्त प्राध्यापक माझा हात धरून म्हणाले, "तुमचा संताप पोचला. आमच्या पूर्वजांनी फार वाईट केलं हो."

आता काय बोलणार? संताप माझ्यात आहे, नाही असं नाही. पण तो त्या कवितेत नव्हता. त्या कवितेत एक दमलेली बाई होती, ती या गृहस्थांनी बघितलीच नाही. तिच्या जागी त्यांना त्यांचे पूर्वज दिसले.

हे लेबल चांगल्या मनानं लावलेलं होतं. वाईट मनानं लावलेलं मला जास्त ओळखीचं आहे.

मी हातकणंगले तालुक्यातल्या एका सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करतो. शाळा दहावीत सुटली, पुढचं सगळं वाचन पाळीच्या मागंपुढं. गिरणीत सुताचा काउंट काढतात. एका पौंडात ८४० याराच्या किती लडी बसतात ते मोजायचं. चाळीस बसल्या तर चाळीसचा काउंट. हे मोजल्याशिवाय कोनावर चिठ्ठी लागत नाही. माणसाला मात्र चिठ्ठी आधी लागते, आणि मोजायचं राहूनच जातं.

दोन वर्षांमागं आम्ही एक अर्ज केला. ब्लोरूम आणि कार्डिंगला चांगले मास्क द्या, सहा महिन्यांतनं एकदा छातीची तपासणी करा, रात्रपाळीला चहा-नाष्टा द्या. बस. कापसाच्या धुळीनं बायसिनोसिस नावाचा आजार होतो. सुट्टी करून परत कामावर गेलं की पहिल्याच पाळीला छाती आवळल्यासारखी होते, मग हळूहळू ते रोजचंच होतं. माझं अक्षर बरं, कागद लिहायची सवय, म्हणून अर्ज मी लिहिला. सत्तावन्न सह्या झाल्या. त्यात मराठा होते, धनगर होते, लिंगायत, मुसलमान, बिहारची पोरं होती. सगळ्यांची छाती एकाच धुळीनं भरते.

अर्ज दिला त्याच दिवशी सुपरवायझरनं चारपाच जणांना बाजूला घेतलं. "त्या जयभीमवाल्याच्या नादाला कशाला लागताय? उद्या ॲट्रॉसिटी घालंल, तुम्ही अडकशीला." अर्जात जयभीम हा शब्द नव्हता. बाबासाहेबांचं नावही नव्हतं. धूळ होती, मास्क होता, चहा होता. पण आठवड्यात एकेक जण येऊन सही मागं घ्यायला लागला. माझ्या शेजारी बसून रोज डबा खाणारा एक जण म्हणाला, "भावा, मागणी बरोबर हाय रं. पर घरात म्हणत्यात, तुझं काय काम त्यांच्यात?" शेवटी सह्या उरल्या एकोणीस.

यात मजा अशी की 'जयभीमवाला' ही शिवी म्हणून वापरणाऱ्या त्या सुपरवायझरची आठ तासांची पाळी कुठनं आली हे त्याला ठाऊक नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं सांभाळत होते. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरनं ४८ वर आणणारी दुरुस्ती त्यांच्या काळातली. ती काय एका जातीच्या मजुरांसाठी होती? त्याच्याही आधी, १९२८ च्या मुंबईतल्या गिरणी संपाच्या वेळी त्यांनी विचारलं होतं की आमच्या माणसाला विणकाम खात्यात का घेत नाहीत. कारण असं की धोट्यातला धागा तोंडानं ओढून काढावा लागायचा, आणि आमचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला चालत नव्हता. जास्त पगाराचं खातं ते. चिठ्ठी तोंडावर, तोटा पोटावर.

कोणी म्हणेल, हे मुंबईचं झालं, कोल्हापूर शाहू महाराजांचं, इथं तसलं काही नाही. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं. अरे, १८९९ च्या सुमाराला याच पंचगंगेच्या काठावर खुद्द महाराजांना भटजीनं पुराणोक्त मंत्र म्हटले, कारण त्याच्या वहीत महाराज शूद्र होते! गादीवर बसलेला राजा समोर उभा आहे आणि त्याच्याऐवजी भटजीला वहीतला शब्द दिसतोय. महाराजांनी ते विसरलं नाही. २६ जुलै १९०२ ला पन्नास टक्के जागा राखीव ठेवल्या. पुढं पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळेंना हॉटेल घालून दिलं आणि स्वतः तिथं थांबून चहा प्यायला लागले. चहा तोच, साखर तीच. पण गंगारामच्या हातचा म्हटल्यावर गावाच्या घशाखाली उतरत नव्हता. महाराज प्यायले तेव्हा उतरायला लागला. हे कोल्हापूर माझं आहे, मला त्याचा अभिमान आहे. पण अभिमानानं डोळे झाकायचे नसतात.

आता आपल्या नावांचा हिशेब बघा. ३१ जानेवारी १९२० ला निघाला 'मूकनायक', त्याला महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. त्याच मार्चात २१ आणि २२ तारखेला माणगावची परिषद. माझ्या गिरणीपासनं माणगाव लांब नाही, एकाच तालुक्यात आहे. १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ ला 'बहिष्कृत भारत'. मग 'जनता'. १९३६ ला स्वतंत्र मजूर पक्ष. १९४२ ला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन. १९५६ ला 'प्रबुद्ध भारत'. मुका, बहिष्कृत, जनता, मजूर, शेड्यूल्ड, प्रबुद्ध. एका माणसानं एका हयातीत एवढी नावं वापरली आणि बदलली. मध्ये गांधीजींचं 'हरिजन' आलं, तर १९३८ ला मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेब आणि त्यांचे आमदार त्या शब्दावरनं सभात्याग करून बाहेर पडले. मला यातनं एवढं कळतं की नाव घ्यायचं ते आपण, कामापुरतं घ्यायचं, आणि काम झालं की टाकायचं. दुसऱ्यानं लाडानं ठेवलेलं नाव तर मुळीच घ्यायचं नाही.

पण टाकू देतात कुठं? माझ्या पणजोबांनी धर्मांतरानंतर जुना शब्द टाकला. घरातले देव पंचगंगेत सोडले. वस्तीला बौद्धवाडा म्हणायला लागले. पुढं काय झालं बघा. १९५० च्या आदेशाप्रमाणं हिंदू नसला तर अनुसूचित जात नाही. धर्म बदलल्यावर आपली माणसं यादीच्या बाहेर पडली. महाराष्ट्रानं 'नवबौद्ध' म्हणून सवलती दिल्या, केंद्रानं कायदा दुरुस्त केला तो १९९० साली. आज दाखला काढायला गेलं की धर्म बौद्ध आणि जात महार, दोन्ही सांगावं लागतं. पणजोबांनी टाकलेला शब्द पणतूनं तहसीलच्या खिडकीत मोठ्यानं बोलायचा, कारण मागं रांग आहे आणि क्लार्कला ऐकू येत नाही. आणि 'नवबौद्ध' तर बघा, धर्मांतराला सत्तर वर्षं होत आली, तरी सरकारी योजनेत आम्ही अजून नवेच!

याच्यावर कळस म्हणजे २०२० चा डिसेंबर. राज्य सरकारनं ठरवलं की वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायची. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली, सगळं जायचं. समतानगर, भीमनगर अशी नावं यायची. चांगलंच आहे. पण त्या यादीत आणखी एक नाव होतं, बौद्धवाडा. जात सोडायची म्हणून जे नाव घेतलं तेच सरकारच्या यादीत जातीचं नाव होऊन बसलं. सरकारची चूक म्हणू? मी म्हणत नाही. गाव ते नाव तसंच उच्चारत होतं. 'बौद्धवाड्यात' म्हणताना आवाज जसा खाली जायचा तसाच 'महारवाड्यात' म्हणताना जात होता. सरकारनं फक्त ऐकलं आणि लिहून काढलं. आता भीमनगरची पाटी लागलीय. पोस्टमन भीमनगर म्हणतो. रिक्षावाला विचारतो, "म्हंजे बौद्धवाडा न्हवं?"

दलित हा शब्द आपल्यातल्या पुष्कळांना आवडतो, मलाही. १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यात त्याची व्याख्या केवढी रुंद होती. अनुसूचित जाती, जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, बायका. त्या व्याख्येनं माझी आईही दलित, आणि सही मागं घेणारा तो डब्याचा दोस्तही. पण ब्लोरूममधला माझा मातंग मित्र काय म्हणाला ऐका. "तुमचं दलित म्हंजे तुम्हीच. सभेला बोलवतासा, स्टेजवर बसवत न्हाईसा." मला हे झोंबलं, पण खोटं म्हणता येत नाही. बाहेरचे लोक दलित म्हटलं की एकच जात ऐकतात ही आपली तक्रार. आणि आपल्या सभेत वेगळं काय ऐकू येतं? चळवळीतल्या पोरांनी याचं उत्तर द्यावं. घोषणेत नको, स्टेजवरच्या खुर्च्यांत द्यावं.

अर्जाचं कळल्यावर आपल्यातलाच एक कार्यकर्ता मला म्हणाला, "मास्क-बिस्क काय घिऊन बसलास? लाल झालास काय?" म्हणजे सुपरवायझरला मी निळा दिसतो, याला लाल. १९७४ ला पँथर फुटली ती याच भांडणानं, ढसाळ आणि राजा ढाले, मार्क्स की बुद्ध. तेव्हा मी काय, माझा बापही नीट चालत नव्हता. ते भांडण मला वारशात नको आहे. ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह विधेयकाच्या विरोधात मुंबईत संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते. बाबासाहेबांना त्या दिवशी कुणी रंग विचारला असेल तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं याचा विचार या कार्यकर्त्यानं करावा. आणि ब्लोरूममध्ये एक पाळी उभं राहून बघावं.

अर्ज आम्ही परत केला. या वेळी मातंग मित्रानं लिहिला, त्याच्या वळणदार अक्षरात. नावं घातली नाहीत, नुसते तिकीट नंबर. चाळीसच्या वर गेले. सुपरवायझरनं अक्षर कुणाचं ते शोधून काढलं आणि त्याला केबिनमध्ये बोलवून विचारलं, "आता तूबी जयभीमवाला झालास व्हय?" तो बाहेर आला तेव्हा हसावं की चिडावं त्याला कळत नव्हतं. मला म्हणाला, "घ्या, सभेला न्हाई बोलवलासा, पर त्यानं करून टाकलं."

मास्क आलेत. पातळ कापडाचे, दोनदा धुतले की शिवण उसवते. चहा सुरू झालाय. छातीची तपासणी अजून नाही. तिसरा अर्ज कार्डिंगमधल्या एका लिंगायत पोरानं लिहायचं कबूल केलंय, बघू त्याला काय म्हणतात.